वतीनं लढणारा

घणसोली, रात्री साडेअकरा.
पडद्यावर राणीनं न्याय मागितला तलवारीचा
आणि तिच्या वतीनं एक लंगडा उतरला रिंगणात.

हा मरणार, नमिता म्हणाली.
ज्याचं लहानपण दाखवतात तो वाचत नाही.
तिच्या वहीत सगळ्यांची नावं,
निम्म्यांवर काट मारलेली.

धर्माजीतात्या सुपारी कातरायचे थांबले.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाची
सत्तेचाळिसावी तारीख
परवा, ठाण्याला.
"सांजेच्या आत निकाल. बरं हाय," म्हणाले.
"आपला तं वकीलच गेला खोकल्यानं.
आता त्याचा पोऱ्या लरतो."

लंगड्याच्या हातून ढाल सुटली.
एक गुडघा वाळूत.
नमितानं पेनाचं टोपण काढलं.

थांब गो, तात्या म्हणाले,
दुसरा अजून टेकला नाय.