मालक : रिकामं

बिल आलं चौऱ्याऐंशी हजार.
श्रेणिकदादानं ते माझ्या टेबलावर उलटं ठेवलं,
म्हणाला, बघ जरा, एवढं वापरतं कोण?
राजारामपुरी, सातवी गल्ली, दुसरा मजला,
खाली मिरचीकांडप.
दुपारभर शिंकत मी यादी काढली.

एकवीस सर्व्हर.
सात डिस्क, कशालाच न जोडलेल्या,
कुत्रं गेल्यावर राहिलेल्या साखळीसारख्या.
नावं अशी :
चाचणी-दोन.
चाचणी-दोन-नक्की.
तात्पुरता, वय वर्षं चार.
पुसू-नका.
का पुसू नका, ते कुणी लिहिलेलं नाही.
मालकाच्या रकान्यात नुसती पांढरी जागा.

नवा पोरगा सुयोग म्हणाला,
उडवून टाकू की सगळं,
ज्याचं अडेल तो ओरडेल.

माझे पप्पा शिरोलीला फाउंड्रीत मोल्डर होते.
भट्टी विझली म्हणजे गार झाली असं नसतंय, म्हणायचे,
वरनं काळी दिसती, आत लाल असती.
त्यांच्या डाव्या हाताची भाजलेली दोन बोटं
हे वाक्य जन्मभर सांगत राहिली.

म्हणून आधी विचारलं.
सोडून गेलेल्यांनाही फोन लावले.
एकीनं पुण्याहून विचारलं,
कोपऱ्यावरचा वडेवाला आहे का अजून?
सर्व्हरचं तिला काही आठवेना.
मग प्रत्येकाची प्रत काढून ठेवली,
लेबल लावलं : तारीख, माझं नाव,
महिनाभर वाट बघणार.
आणि बंद केले.
पुसले नाहीत. बंद केले.
या दोन शब्दांच्या मधल्या जागेत
माझी नोकरी राहते.

चाचणी-दोन-नक्की माझाच निघाला.
तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा शनिवारी
काहीतरी शिकायला म्हणून चालू केलेला.
काय, ते आठवलं नाही.
तो मात्र मी त्याच दिवशी,
सुयोग जेवायला गेल्यावर, पुसला.

तेवीस दिवस कुणी ओरडलं नाही.
चोविसाव्या दिवशी ऑफिसचा जुना फोन वाजला,
जो आम्ही काढूनच टाकणार होतो.
हौसाबाई मगदूम, आंबेवाडी.
"बाई, तुमचा मेसेज यायचा बंद झालाय.
बंधाऱ्याला पाणी किती फूट?
सदतीस झालं की मी म्हशी सोडतो.
शेजारीण म्हणती पस्तीस, पोरगा म्हणतोय चाळीस.
तुमचं ते पोरगं खरं सांगायचं."

तुमचं ते पोरगं.
मी लॉग उघडले. पुसू-नका.
मोठ्या पुराच्या साली इर्शाद मुजावरनं
लाइट गेल्यावर, लॅपटॉपच्या उरल्या बॅटरीत
एका रात्रीत लिहिलेला :
दर तासाला बंधाऱ्याची पातळी वाचायची,
दोनशे बारा नंबरांना कळवायची.
पूर ओसरला. इर्शाद हैदराबादला गेला.
त्या नंबरांतली काही माणसंच गेली.
आणि हा, महिना नऊशे रुपयांत,
नदीकडं बघत बसलेला.

चालू केला. सहा मिनिटं लागली.
तेवढ्या वेळात नदी काय करत होती, मला ठाऊक नाही.
मग त्यानं लिहिलं,
छत्तीस फूट चार इंच,
जणू मधे काही झालंच नव्हतं.

इर्शादला कळवलं.
रात्री उशिरा त्याचं उत्तर :
अजून चालू आहे तो?
मी विसरलोच होतो गं.

बाकीचे महिना भरल्यावर पुसले,
एकेक, नाव मोठ्यानं वाचून,
सुयोग शेजारी उभा, हाताची घडी घालून.
प्रत्येकाला एवढासा आवाज तरी असावा असं वाटलं.
नव्हता.
पुढचं बिल एकतीस हजार.
श्रेणिकदादानं तेही उलटंच ठेवलं.

पांढऱ्या रकान्यात मी माझं नाव घातलं.
त्याखाली, मी नसले तर, सुयोगचं.
आणि शेजारी एक ओळ,
पुढं कधी यादी काढणाऱ्या कुणासाठी :
का पुसू नका?
आंबेवाडीत सात म्हशी आहेत.