घोडी

परवा पेपरात छापून आलं: दोन देशांमधला पूल.
वर तिचा फोटो. हनुवटीखाली व्हायोलिन, डोळे मिटलेले.
कात्रण तिनं माझ्या टेबलावर टाकलं,
म्हणाली, क्रेनसाहेब, याचं काय करू?
मी म्हटलं, राहू दे, सरसाच्या भांड्याखाली अंथरतो.

चौतीस वर्षं तिचं वाद्य माझ्याकडे येतंय,
योझेफश्टाटच्या या बोळात, जिथं ट्राम वळली
की बरणीतल्या खुंट्या आपोआप किणकिणतात.
मला गाण्यातलं फार कळत नाही. मी लाकूड वाचतो.
इतरांच्या पटरीवर तारेचे चर पडतात, केसाएवढे.
हिच्या पटरीवर तिसऱ्या बोटाखाली खळगा,
मुंगीला अंघोळ करता येईल एवढा.
दर चार वर्षांनी मी रंधा मारून सपाट करतो,
ती पुन्हा खणते.

एकदा विचारलंच, इतकं दाबता कशाला?
म्हणाली, मोकपोला मी आधी हेगम शिकले.
प्यो नावाचे एक म्हातारे होते, सुक्या मासळीच्या दुकानामागे राहायचे.
त्या वाद्याला पटरीच नसते. तार अधांतरी.
दाबाल तितका सूर चढतो, सोडाल तसा रडत उतरतो.
बोटाला तळ असतो हे मला इथं येऊन कळलं.
बोटाला अजून पटलेलं नाही.

इथल्या बाई, फ्राऊ पॉइंटनर, छडीच्या टोकानं तिचं मनगट उचलायच्या:
सूर थरथरू दे, पोरी, हेलकावू नको.
तिकडे, सुट्टीत घरी गेली की, प्यो म्हणायचे,
तुझ्या हाताला लोण्याचा वास येतोय.
दोघांचंही खरं होतं.
दोघांचंही ऐकलं असतं
तर एव्हाना ती वाजवायचं सोडून
नर्स झाली असती, आईसारखी.

वॉल्ट्झ मात्र कुणाला शिकवावा लागला नाही.
पहिल्याच तालमीत दुसरी मात्रा तिनं अलगद आधी टाकली,
इथं जन्मलेल्यांना जमते तशी, किंचित घाईनं,
पायरी चुकल्यासारखी, पण न पडता.
सगळ्यांनी मागं वळून पाहिलं.
ती मला सांगते, यात काय एवढं?
आई आणि मावशी समोरासमोर बसून
दगडावर धुतलेले कपडे कुटायच्या, चार दांडक्यांनी,
मावशीचा ठोका कायम उतावळा.
मी पांघरुणात झोपेचं सोंग घेऊन मोजायची.

गेल्या मार्चमध्ये ती दोन पेट्या घेऊन आली.
प्यो गेले होते. त्यांच्या भाच्यानं हेगम टपालानं पाठवलेलं,
पुडक्यात वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांना मासळीचा वास.
आयुष्यात पहिल्यांदा मी ते हातात घेतलं.
बांबूचं पोट, रेशमाच्या दोन तारा,
आणि गज त्या दोन तारांच्या मध्येच, बाहेर निघत नाही.
मी म्हटलं, अडकलाय.
ती म्हणाली, राहतो तिथं.

तारांखालचा नखाएवढा तुकडा निखळला होता,
पुडक्याच्या तळाशी सापडला.
आमच्यात याला घोडी म्हणतात, मी म्हटलं. तुमच्यात?
वोन्सान. म्हणजे दूरचा डोंगर.
मग ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि पाणी आल्यावर हसायची थांबली.

मी तिला नवीन काहीच सांगत नव्हतो, तरी सांगितलं:
घोडीला सरस लावत नाहीत.
वरून तारा दाबतात म्हणूनच ती उभी असते,
त्या उतरवल्या की आडवी होते.
पुलाचं तसं नसतं. पुलावरून कुणी गेलं नाही तरी तो असतो.

डोंगर मी जागेवर बसवला. पैसे घेतले नाहीत,
मेणबत्त्यांचा खोका घेतला, तिनं हट्टच धरला म्हणून.
दाराशी थांबून तिनं दाखवलं,
हा मधोमध असला की आवाज मोठा,
कडेला सरकवला की हळू.
रात्री अकरानंतर मी कडेला सरकवते.
खालच्या मजल्यावर हर झ्वेटलर झोपतात,
त्यांचं हृदय नाजूक आहे.