कै. पै.

गंगावेशीत पहाटे म्हशी कट्ट्यावर येतात.
रेडकू आईच्या पोटाला घासत चालतं,
मागच्या म्हशीपासून हातभर अंतर राखून.
बाबालाल मुल्लाणींनी मला स्वल्पविराम शिकवला तो तिथं,
हातात धारोष्ण दुधाचा पेला, मिशीवर फेस:
‘बघ. हे आधीच्या शब्दाचं लेकरू.
त्येला चिकटून ऱ्हाणार.
मोकळी जागा पुढं. मागं न्हाई.’

छापखाना शुक्रवार पेठेत, जिन्याखाली.
खिळ्यांच्या खणांत एक खण बिनअक्षरी तुकड्यांचा.
‘यावर तर काहीच नाही,’ मी म्हणालो.
त्यांनी एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.
शिसं. थंड.
‘काहीच न्हाई छापायला सुदीक
कायतरी ठेवावं लागतंय.’

मग वर्षभर टिंबं.
चि. नंतर जागा, सौ. नंतर जागा,
मु. पो., ता. करवीर, स. न. वि. वि.
फक्त साखर कारखान्याच्या अहवालात
आकड्यांतले स्वल्पविराम दोन्हीकडून गच्च:
‘पैशात फट ठिवली की गळतोय.’
आणि एकदा, बिडी विझवताना, कुणी विचारलं नसताना:
‘वाक्याचं टिंब म्हंजे दार लावलं.
चि.चं टिंब म्हंजे शब्द निम्माच आत आलाय,
ऱ्हायलेला भाईर चपला काढतोय.’

त्याच वर्षी माझ्या हातून झालं.
खासबागेतल्या कुस्त्यांची पत्रकं, पाचशे,
भवानी मंडपापासून रंकाळ्यापर्यंत डकवून झालेली:
कै. केरबा चौगुले (सांगरूळ).
एक अक्षर.
बाबालालनी पत्रक उजेडाला धरलं.
‘टिंब बराबर हाय,’ म्हणाले, ‘जागा बी बराबर हाय.’

दुपारी केरबा स्वतः आला, जिन्याखाली कमरेत वाकून,
कानात तालमीची माती.
मी मशिनीमागं.
‘कोण म्हणतंय मी गेलो?’
कुणीच काही म्हणेना.
त्यानं पत्रक परत वाचलं, ओठ हलवत,
आणि असा हसला की खणातले खिळे वाजले.
‘आरं, मग मला पाडतोय कोण?
मेलेला माणूस चीत हुतोय व्हय?’
सातव्या मिनिटाला घिस्सा.
रात्री पेढे धाडले त्यानं, छापखान्यात.

बाबालाल गेले, त्याला चौदा वर्षं.
त्यांच्या नावामागं कै. लागत नाही; ‘मरहूम’ मी पूर्ण छापलं,
टिंब न देता.
खिळे मोडीत गेले किलोवर,
बिनअक्षरी तुकडेही त्याच भावानं.
आता पट्टीवर बोट ठेवलं की जागा होते.
वजन नाही तिला.

काल सर्जेराव आला, केरबाचा थोरला.
मोबाइलवर मजकूर:
कै.पै.केरबा दाजी चौगुले ,मु.पो.सांगरूळ
‘एका वळीत बसवा, काका.
मधल्या जागा खाऊन टाका.’

मी नाव दोन ओळींत घेतलं.
त्यासाठी तळाची ओळ, आमच्या छापखान्याची, काढली.
स्वल्पविराम उचलून आईजवळ नेला.
कै. लिहिलं.
बोट जरा थांबलं; मग
जागा.
पै.

सर्जेराव मागून बघत होता.
‘दोन्ही लागतंय?’
‘लागतंय.’

प्रूफ घडी घालून त्यानं खिशात ठेवलं.
जिन्याखालून जाताना
त्याला वाकावं लागलं नाही.