रिकामं

मार्चपासून माझं काम असं:
रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत,
जिथं पूर्वी जप्तीचं सागवान ठेवायचे,
लॅपटॉपसमोर बसून जंगलाला नावं द्यायची.
ठेवायची नाहीत, द्यायची.
चार बटणं. वाघ. इतर जनावर. माणूस. रिकामं.
फोटोमागं चाळीस पैसे.

रिकामेच जास्त.
वाऱ्यानं हललेलं बांबूचं पातं,
ऊन सरकलं म्हणून दचकलेला कॅमेरा,
एकदा सायाळ निघून गेलेली आणि वाटेवर तिचा एक काटा.
वानर भिंगात डोकावतं तेव्हा
मला आमच्या तलाठ्याचा भास होतो.

सतरा नंबर मोहाच्या वाटेवर,
येनाच्या बुंध्याला पट्ट्यानं आवळलेला.
पहिले काही दिवस बाया त्याच्यासमोर थांबायच्या,
टोपली खाली ठेवून पदर सारखा करायच्या,
सोयरिकीच्या पाहुण्यांसमोर करावा तसा.
"कोनाचा डोरा होय गा हा?"
"वाघासाठी हाय," गार्ड सांगायचा.
मग विसरल्या.

विसरल्यानंतरचे फोटो माझ्याकडे येतात.
एका चाहुलीला तीन.

४:५१. अंधारातला तो राखाडी उजेड,
बायजा सिडाम, लुगडं वर घेऊन, वाटेच्या कडेला.
रिकामं.
रिकामं.
रिकामं.
मी मान वळवूनच बटण दाबलं.
पण मान वळवायच्या आधी
ती बायजामावशी आहे हे मला कळलं होतं,
जिनं कमरेला धरून मला बोडीत पोहायला शिकवलं.

५:२६. ती आणि पोचूबाई गेडाम
पाचोळ्यावर उताण्या, दोघींत एक बिडी.
मावशीचा एक पाय वर, हवेत,
लहान पोरीसारखा.
काका गेल्यापासून गावात कुणी जिला हसताना पाहिलं नाही
तिचं तोंड एवढं उघडं
की मागची पडलेली दाढसुद्धा दिसते.
फोटोत आवाज येत नाही.
मी तो मोठा करून पाहिला.
त्याचे वेगळे पैसे नाहीत.
मग, रिकामं.

"सतरावर एवढं रिकामं कसं रे?" साहेबांनी विचारलं.
"पानं हलतात, सर."

शुक्रवारी नवीन कार्ड आलं.
सोमवार, ५:४१. तोच पाचोळा, दोघींच्या अंगानं दबलेला,
आणि वाघीण, नाक खाली,
बिडीच्या थोटकाशी.
मंगळवार, ५:३६.
बुधवार, ५:३०.
मी वाघ दाबलं. वाघ. वाघ.
भिंतीवरच्या नकाशात साहेबांनी लाल टाचणी टोचली,
खूश झाले.
म्हणाले, "बरं आहे, त्या वाटेनं माणूस फिरकत नाही."

माणूस फिरकत नाही.
नकाशाला असं मीच सांगितलं होतं,
एकेका बटणानं,
लाज राखायची म्हणून.
साहेबांना आता तरी सांगावं म्हणून तोंड उघडलं
आणि चहा घेणार का विचारलं.

रात्री मावशीकडे गेलो.
अंगणात मोह पसरलेला, त्याचा तो जड गोड वास,
ती बल्बखाली बसून काडीकचरा निवडत होती.
"मावशी, उद्या त्या वाटेनं जाऊ नोको.
पोचूबाईलेही सांग. वाघीण मागं हाय तुमच्या."
"कोन सांगतला तुले?"
"कोनी नाही. फोटोत पायलो."

हात मोहात तसाच थांबला.

"वाघीण पायलास."
"हो."
"आनि?"

कुठलं बटण दाबावं कळेना.
कुत्रं उठलं, अंग झटकून पुन्हा बसलं.
मी खाली बघत राहिलो,
फुलांत, जिथं तिची बोटं होती.

बोटं निघाली.
तिनं पदर डोक्यावरून घेतला, सारखा केला.
माझ्यासमोर.
पहिल्यांदा.