काट्याखालचा बर्फ

पहाटे तीनला हालिनाचा फोन.
इसाफ्योर्दुरच्या धक्क्यावर, कॉड तोलणाऱ्या पट्ट्याशी
वजनकाटा अडकलाय,
स्क्रीनवर एक शब्द आणि लांबलचक आकडा.
आकडा तिनं हातमोज्यावर पेनानं उतरवलाय,
खाऱ्या पाण्यानं निम्मा गेलाय.
"शेवटचं सात की एक?" मी विचारते.
"माशाला विचार," ती म्हणते.

काट्याच्या पोटातला कोड गुन्स्टेनचा,
अठ्ठ्याण्णव सालचा. तो आता मेंढ्या पाळतो.
त्याच्या काळी मेमरी मोजूनमापून घ्यायची,
आपलं उष्टं आपणच काढायचं.
वरचा कोड माझा. माझ्या मागून
कुणीतरी न सांगता झाडून जातं.
मधे एक उंबरा.
खाली काही मोडलं आणि ते तसंच वर भिरकावलं
तर सगळं आडवं होतं, मरताना नावही सांगत नाही.
म्हणून गुन्स्टेननं दाराशी पहारा बसवला:
ओरडत येईल त्याचं तोंड धरायचं,
हातात एक आकडा द्यायचा
आणि मगच आत सोडायचं.

हौसेनं तो सोबत एक वाक्यही द्यायचा,
आइसलँडिक, तिथल्या तिथे जुळवलेलं.
उंबरा ओलांडताना आमची खास अक्षरं गळायची,
त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं.
एका अक्षराचं तर नावच काटा.
काटाच काट्याच्या घशात अडकलेला,
वर्षानुवर्षं.

ते वाक्य मी पोलिशमध्ये आणायला गेले.
'पाच पेट्या अडकल्या' मधला पाच उपसला,
तिथे भोक ठेवलं, येईल तो आकडा बसेल म्हणून.
हालिनाला दाखवलं. ती इतकी हसली की
सुरी बाजूला ठेवावी लागली.
"एक स्क्शिन्का. दोन स्क्शिन्की. पाच स्क्शिनेक."
"मग बारा?"
"बारा पाचच्या घरातल्या."
"बावीस?"
"त्या परत दोनकडे गेल्या."
माझं भोक सगळ्यांना पुरणारं नव्हतं.

त्या रात्री गुन्स्टेनची वाक्यं खोडली.
तळानं एवढंच सांगावं:
काय झालं, कुठल्या पट्ट्यावर, किती पेट्या.
बोलायचं ते वर येऊन,
समोर कोण उभं आहे ते बघून.

वाटलं, झालं काम.
आणि तरी हा फोन.

उजाडायच्या आत गाडी काढून गेले.
काट्याच्या ताटाखाली अंगठ्याएवढा बर्फ.
तिनं तो आधीच खरवडला होता,
वहीत नोंद करत होती:
तारीख, वेळ, आकडा,
आणि शेवटचा रकाना, कोणाची.
हालिना.
वरच्या ओळीत हालिना. त्याच्या वर हालिना.
मी पानं मागे उलटत गेले, अकरा वर्षं.
"हे काय?"
"स्क्रीनवर ब्वोंद येतं. ब्वोंद म्हणजे चूक.
चूक म्हटली की कुणीतरी केलेली असणार.
पट्ट्याशी मीच तर असते."

तो शब्द मी कोशातून उचलला होता.
कोशात तो बरोबर होता.

मग तिनं सांगितलं आणि मी टाइप केलं,
बोटं गारठलेली, दोनदा चुकले:
काटा जड दाखवतोय.
खाली बर्फ असेल, खरवडून बघा.
नाही सुटला तर थोर्दिसला उठवा.

दुपारी गुन्स्टेनचा फोन. मागे मेंढ्या.
"माझा आकडा फेकलास की काय?"
"ठेवलाय. खाली, बारीक अक्षरांत."
"बारीक का?"
"तो फक्त तुला नि मला कळतो म्हणून."
बराच वेळ नुसत्या मेंढ्याच ऐकू आल्या.

परवा वहीत नवी नोंद पाहिली.
बावीस स्क्शिन्की. शेवटच्या रकान्यात: बर्फ.
मागची पानं मात्र तशीच आहेत.
मी म्हटलं, खोडून टाकू.
"राहू दे," हालिना म्हणाली,
"शाईनं लिहिलंय."