शीग

सोहारमधल्या माझ्या शेजारणीला, थुरैयाला,
साखरांबा हवाय. ग्रॅममध्ये.
माझ्याकडे इंदुवन्संची चिठ्ठी:
फोडी चार वाट्या, साखर तीन. वाटी नेहमीची.

नेहमीची वाटी संगमेश्वरला राहिली.
ही इथली, सेलमधली, जरा पसरट.
काट्यावर ठेवली, शून्य केलं.
मोठ्या फोडी: एकशे वीस.
त्याच आंब्याच्या बारीक चिरल्या: एकशे चाळीस.
म्हणजे मघाशी
वीस ग्रॅमची जागा हवेने अडवली होती,
आणि इतकी वर्षं
आम्ही तिच्याही वाटणीची साखर घालत होतो.

वन्संना फोन लावला.
"वाटी सपाट भरायची का हो?"
"सपाट? कुणाला दिलीय गं आपण सपाट वाटी?
शीग लाव."

लावली.
एक फोड घसरून ओट्यावर पडली.
आकडा एकशे शहात्तर, एकशे पंचाहत्तर,
ठरेचना.
थुरैया पेन धरून उभी.
"लिही," म्हटलं, "एकशे ऐंशी."

तिने पडलेली फोड उचलून तोंडात टाकली.
मोडक्या हिंदीत विचारलं, "और ये?"

"ती धरूनच सांगितलंय."