बटव्याची नाडी

नेरूळच्या सतराव्या मजल्यावर
एसीत गॅस भरायला गेलो, तिथून तो आला.
त्या लोकांची बदली दोह्याला, सामान खोक्यांत,
आणि खोक्यांच्या मधोमध हा, कुणाच्याच यादीत नसलेला.
"घेऊन जा, शांत आहे," बाई म्हणाल्या.
माझे साडेआठशे मात्र राहूनच गेले.

हेमांगीनं ऐरोलीत दार उघडलं, बघितलं:
"अगो बाई, हा तर माझ्या आईचा बटवा!"
नाडी आवळल्यासारखं तोंड, चुण्याच चुण्या,
आत काय ठेवलंय त्याचा पत्ता नाही.
तेच नाव पडलं.

बटवा घोरायचा.
असा, की वरचे दळवी जिन्यात विचारत,
"काय हो, रात्रीचं ड्रिलिंग?"
दीक्षितानं व्हिडिओ काढला, त्याला गाढवाचा आवाज जोडला,
मामाकडे, आत्याकडे, अख्ख्या दिवा गावात पाठवला.
आम्ही पोट धरून हसलो.
मीसुद्धा.

मी, ज्याला फोनवर नुसत्या आवाजावरून कळतं
फिल्टर तुंबलाय की पंखा घासतोय,
की कॉम्प्रेसरचा महिनाच उरलाय.
बावीस वर्षं हवेचंच काम.

मग एप्रिल.
संध्याकाळी सातलाही सेक्टर पाचचे पेव्हर ब्लॉक तव्यासारखे.
खाडीकडून वारा नाही. रबाळ्याच्या कंपन्यांकडून
तो गोडसर वास, ज्याची तक्रार कुणी करत नाही,
कारण करायची कुणाकडे.
पाण्याच्या टाकीपाशी बटवा थांबला.
बसला नाही, थांबला. पाय फाकवून, मान पुढे काढून,
जीभ जांभळं खाल्ल्यासारखी.
आवाज रोजचाच,
पण आज तो जागा होता.

उचलला. रिक्षा. "ठाण्याला, कळव्याच्या पुलावरून."
रिक्षावाल्यानं न विचारता स्वतःची बाटली
त्याच्या पोटावर ओतली, मीटर टाकायचं विसरला.
पुलावर सगळं ठप्प.
मी श्वास मोजत होतो. ऐंशीनंतर आकडे हातातून सुटले.

डॉक्टर केण्यांनी ऑक्सिजन लावला,
मांडीच्या आतून दोन बोटांनी नाडी बघितली.
बऱ्याच वेळानं त्याचं नाक माझ्याकडे वळवून म्हणाले,
"भोक दिसतंय?"
भोक नव्हतं. रेघ होती, नखानं ओढल्यासारखी.
"आतला पडदाही लांब आहे. जन्मापासून हा
उसाच्या रसाच्या नळीतून श्वास घेतोय."
"चूक कुणाची?"
हात धूत म्हणाले, "लोकांना चपटं तोंड आवडतं.
मग चपट्याला चपटी, त्यांच्या पिल्लांतलं अजून चपटं.
हाड आखडत गेलं. मांस होतं तेवढंच राहिलं."

हे मला लगेच कळलं.
दीड टनाचा माल पाऊण टनाच्या डब्यात.
असलं यंत्र मी कुणाच्या भिंतीवर ठोकलं असतं
तर त्यानं मला चपलेनं हाणलं असतं.

ऑपरेशन झालं. नाकपुड्या कोरल्या, पडदा कापला.
खर्च इथे लिहीत नाही, हेमांगी वाचेल.
(बचत गटाला तिनेच सांगितलंय, शिलाई मशीन घेतेय म्हणून.)

आता आमच्या घरात एसी आहे.
जुना, तीन मशिनींचे भाग जोडून केलेला,
बावीस वर्षांत पहिला.
"माझ्या बाळंतपणाला टेबलफॅन होता," हेमांगी ऐकवते,
आणि सव्वीसवर लावून त्याच्याच शेजारी चटई टाकते.

बटवा अजून घोरतो. थोडं.
नाडी सैल करता येते,
बटव्याची पिशवी होत नाही.
दीक्षितानं व्हिडिओ पुसला. माझ्या फोनमध्ये आहे,
गाढव काढून टाकलंय, नुसता तो.
एकदाच ऐकला. पूर्ण नाही.

परवा घणसोलीत एक गिऱ्हाईक म्हणालं,
"आवाज करतो जरा, पण चालतोय ना,
राहू दे की."
मी काही बोललो नाही.
शिडी उघडली.